घटक ६ : घरखर्चाची नोंद आणि महिन्याचे अंदाजपत्रक

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• जमाखर्चाच्या परिभाषेतील नेहमीचे शब्द नेमक्या अर्थाने वापरता येतील.
• खर्चाची नोंद आणि खर्चाविषयीचे बोलणे यांतील भाषिक फरक स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या एका महिन्याच्या नोंदींवरून पुढील काळाचे अंदाजपत्रक मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण अर्ज, इतिवृत्त आणि अहवाल या लेखनप्रकारांचा अभ्यास केला. त्या सर्वांचा वाचक लेखकाहून वेगळा असतो. अर्ज कोणी अधिकारी वाचतो, इतिवृत्त सभासद वाचतात. या घटकात ज्या लेखनाचा विचार करायचा आहे, त्याचा लेखक आणि वाचक बहुधा एकच असतो. ते म्हणजे घरखर्चाची वही.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना विचारले होते, की परीक्षेखेरीज तुम्ही मराठीत रोज काय लिहिता? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग किराणा दुकानात काम करणारे एक विद्यार्थी संकोचाने म्हणाले, “मॅडम, मी रात्री घरचा हिशेब लिहितो. पण ते काही लेखन नव्हे.” वर्गात थोडे हसू उमटले. मला मात्र ते विधान मान्य नव्हते, आजही नाही. ज्या मजकुरात शब्दांची निवड करावी लागते, ज्यात एक शब्द चुकला तर अर्थ बदलतो आणि जो पुढे वाचून त्यावर निर्णय घ्यायचा असतो, तो मजकूर लेखनच होय. घरखर्चाची वही या तिन्ही कसोट्यांना उतरते. अभ्यासक्रमात तिला जागा मिळायला उशीर झाला, इतकेच.

या घटकात आकडेमोड थोडी आहे आणि ती बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. आपला मुख्य प्रश्न भाषेचा आहे : खर्च कोणत्या शब्दांत लिहिला म्हणजे तो दिसतो आणि कोणत्या शब्दांत लिहिला म्हणजे तो लपतो?

६.२ जमाखर्चाची शब्दसंपदा

‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’, ‘रक्कम’, ‘वसूल’, ‘तारीख’ हे शब्द अरबी-फार्सीतून मराठीत आले. शिवकाळात तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांपैकी काही रूढ झाले. पण जमाखर्चाच्या वहीतील शब्द हलले नाहीत. ज्या शब्दांनी रोज पैसा मोजला जातो, ते शब्द सहजासहजी बदलत नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तरीही ‘चार आणे’, ‘बारा आणे’ हे शब्द त्यानंतर कितीतरी वर्षे बोलण्यात टिकले आणि ‘सोळा आणे खरे’ आपण अजूनही म्हणतो.

वहीसाठी पुढील शब्दांतील फरक नीट ध्यानात घ्यावा. ‘कीर्द’ म्हणजे रोजच्या व्यवहारांची, घडले त्या क्रमाने केलेली नोंद. ‘खतावणी’ म्हणजे त्याच व्यवहारांची खातेवार मांडणी. कीर्द दिवसाला धरून चालते, खतावणी विषयाला धरून. घरातील बहुतेक वह्या कीर्दीपाशीच थांबतात आणि त्यामुळे महिनाअखेर त्यांतून काही बोध होत नाही. ‘येणे’ म्हणजे आपल्याला मिळावयाची रक्कम, ‘देणे’ म्हणजे आपण द्यावयाची रक्कम. ‘ताळा पाहणे’ म्हणजे हिशेब बरोबर आहे की नाही हे उलट बाजूने तपासणे. ‘तोंडमिळवणी’ म्हणजे मिळकत आणि खर्च यांची कशीबशी जुळवाजुळव. हा शेवटचा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. दोन तोंडे आपोआप मिळत नाहीत, ती ओढून मिळवावी लागतात, हे त्या शब्दातच सांगितले आहे.

भविष्यकाळाच्या हिशेबाला आपल्याकडे तीन शब्द आहेत. शासनाचा तो ‘अर्थसंकल्प’, नगरपालिका किंवा संस्थेचे ते ‘अंदाजपत्रक’ आणि घरातले ते ‘बजेट’. इंग्रजीतील ‘बजेट’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ चामड्याची लहान थैली असा होता. थैलीत किती आहे एवढेच त्यातून कळते. ‘अंदाजपत्रक’ या शब्दात अंदाज आहे, म्हणजे चुकण्याची मुभा आहे. शिवाय पत्रक आहे, म्हणजे ते लिहिलेले असले पाहिजे. म्हणून या घटकात आपण तोच शब्द वापरू.

६.३ ‘गेले’ आणि ‘दिले’ : नोंदीचे वाक्य

महिनाअखेर घरोघरी बोलली जाणारी वाक्ये आठवून पाहा. “पगार कुठे गेला कळलंच नाही.” “बाजारात पाचशे उडाले.” “दवाखान्यात बरेच लागले.” “पैसे संपले.” या वाक्यांची व्याकरणिक रचना तपासा. क्रियापदे सर्व अकर्मक आहेत. कर्तृपदी पैसे आहेत. माणूस कोठेच नाही. पैसे जणू स्वतःच्या पायांनी जातात, पंखांनी उडतात.

पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आपण अकर्मक-सकर्मक क्रियापदांच्या जोड्या पाहिल्या होत्या : पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे. “कप फुटला” असे मूल म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नाही. ते फक्त स्वतःला वाक्याबाहेर ठेवते. पैशाच्या बाबतीत प्रौढ माणसे नेमके हेच करतात. उडणे–उडवणे, संपणे–संपवणे, खर्च होणे–खर्च करणे, वाचणे–वाचवणे या जोड्यांपैकी बोलताना आपण जवळजवळ नेहमी पहिले रूप निवडतो. बँकेचा संदेशही तेच करतो : “आपल्या खात्यातून रु. ५०० वजा करण्यात आले.” कोणी वजा केले, कशासाठी केले, हे त्या वाक्यात नसते.

यात नैतिक दोष शोधण्याचे कारण नाही. महागाई वाढली, घरात आजारपण आले, तेव्हा पैसे खरोखरच ‘लागतात’. तेथे कर्ता शोधणे क्रूरपणाचे होईल. परंतु सगळाच खर्च अशा वाक्यांत सांगितला, की लागलेले आणि उडवलेले यांत भेद उरत नाही. नोंदवहीचे पहिले काम हा भेद परत आणणे हे आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : तारीख, रक्कम, कोणाला दिली, कशासाठी दिली आणि कोणी दिली. शेवटची गोष्ट लिहायला जड जाते, पण ती वगळू नये.

पुढील दोन नोंदी पाहा.

नोंद अ : १२/१० – बाजार – ६४०
नोंद आ : १२/१० – आठवड्याचा बाजार : भाजी २९०, कांदे-बटाटे ११०, मुलीचे क्लिप व बांगड्या ९०, भेळ (चौघांची) १५० – एकूण ६४० – आईने

पहिल्या नोंदीतून पुढच्या आठवड्यासाठी काहीच ठरवता येत नाही. “बाजार कमी करू” असे म्हणण्याला अर्थ नाही, कारण जेवायला तर हवेच. दुसऱ्या नोंदीतून कळते, की भाजीपाला ४०० रुपयांचा आहे आणि उरलेले २४० रुपये मुलांच्या आनंदाचे आहेत. ते कमी करायचे की ठेवायचे हा निर्णय घरातल्यांनी घ्यायचा आहे. वही फक्त तो निर्णय शक्य करते. (मला विचाराल, तर भेळ ठेवावी.)

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून अनेकांना वहीची गरज वाटेनाशी झाली आहे. सगळे मोबाइलमध्ये असते, असे उत्तर मिळते. मोबाइलमध्ये असते ती यादी. तिच्यात रक्कम, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचे नाव असते, हेतू नसतो. एकाच दुकानदाराला दिलेल्या तीनशे रुपयांत तांदूळही असू शकतो आणि थंड पेयही. हेतू त्याच दिवशी आठवतो, आठवड्याने आठवत नाही. त्यामुळे नोंद त्याच रात्री करावी. रोज पाच मिनिटे पुरतात. चार दिवसांच्या नोंदी एकदम भरायला बसलात, तर निम्म्या कल्पनेने भराल. आणि कल्पनेने भरलेली वही न भरलेल्या वहीपेक्षा अधिक फसवी असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) कालच्या दिवसात तुम्ही केलेले सर्व खर्च आठवून लिहा. प्रत्येकापुढे ‘लागले’ किंवा ‘केले’ यांपैकी एक क्रियापद लिहा. कोठे अडलात?
आ) ‘वाचणे’ आणि ‘वाचवणे’ ही क्रियापदे पैशाच्या संदर्भात वापरून प्रत्येकी दोन वाक्ये करा व त्यांतील कर्ता सांगा.

६.४ खाते पाडणे : ‘किरकोळ’चा प्रश्न

आठवड्यातून एकदा कीर्दीवरून खतावणी करावी. म्हणजे किराणा, दूध-भाजी, घरभाडे, प्रवास, शिक्षण, औषधपाणी अशा नावांची खाती पाडून प्रत्येक नोंद तिच्या खात्यात न्यावी. हे काम यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात येथे भाषेचा कस लागतो. खात्याला दिलेले नाव म्हणजे त्या खर्चाकडे पाहण्याची आपली रीत असते. जत्रेची वर्गणी ‘धार्मिक’ म्हणायची की ‘सामाजिक’? धाकट्या भावाला दिलेले पैसे ‘मदत’ की ‘उसने’? उत्तरे कोणतीही असोत. एकदा ठरवली की वर्षभर तीच ठेवावीत, नाहीतर महिन्यांची तुलना करता येत नाही.

सर्वांत धोक्याचे खाते ‘किरकोळ’. या शब्दाचा अर्थ क्षुल्लक, फुटकळ. ज्या रकमेला नाव सुचत नाही किंवा द्यावेसे वाटत नाही, ती तेथे जाते. मग त्या खात्याची बेरीज किराण्याला गाठते, तरी नाव किरकोळच राहते.

येथे स्वतःचा अनुभव सांगते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन दरमहा मिळत नसे. एका वर्षी तर सात महिन्यांचे एकदम, दिवाळी उलटून गेल्यावर मिळाले. तोवर घर उसनवारीवर चालले होते आणि काटकसर म्हणून मी वही ठेवू लागले होते. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन बसले तेव्हा माझे सर्वांत मोठे खाते ‘किरकोळ’ निघाले. मी ते फोडले. त्यात निम्म्याहून अधिक रक्कम दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात जाण्याच्या बसभाड्याची आणि झेरॉक्सची होती. मी पीएच.डी.चे काम करत होते आणि त्या कामाच्या खर्चाला माझ्याच वहीत किरकोळ म्हणत होते. त्या रात्री ‘प्रबंध’ या नावाचे वेगळे खाते पाडले. खर्च तेवढाच राहिला. पण पुढच्या महिन्यात काटछाट करायची वेळ आली, तेव्हा कात्री त्या खात्याला लागली नाही. किरकोळ म्हणून तो खर्च सर्वांत आधी गेला असता.

म्हणून नियम असा ठेवावा : महिनाअखेर ‘किरकोळ’ खात्यातील रक्कम एकूण खर्चाच्या विसाव्या भागाहून अधिक भरली, तर ते खाते फोडून त्याला नावे द्यावीत. विसावा भाग हे प्रमाण माझे, अनुभवाचे आहे. त्याला शास्त्राधार नाही.

६.५ उदाहरण : एका महिन्याची खतावणी

समजा, तालुक्याच्या गावी राहणारे चौघांचे कुटुंब आहे. पती खासगी नोकरीत असून त्यांना दरमहा १८,००० रुपये मिळतात. पत्नी घरी शिवणकाम करते. त्यातून महिन्याला ४,००० रुपये येतात. एकूण जमा २२,००० रुपये. ऑक्टोबरच्या आरंभी त्यांनी सप्टेंबरची खतावणी केली ती अशी :

घरभाडे – ४,०००
किराणा – ५,२००
दूध व भाजी – ३,१००
वीज, गॅस, मोबाइल – १,९००
मुलांची शाळा व शिकवणी – २,०००
पेट्रोल – १,८००
औषधपाणी – ७००
किरकोळ – ३,९००
एकूण – २२,६००

जमेपेक्षा खर्च ६०० रुपयांनी अधिक आहे. ही तूट किराणा दुकानातील उधारीने भरून निघाली. आता वरील नियमाप्रमाणे ‘किरकोळ’ फोडू : बाहेरचा चहा-नाश्ता १,१५०, आहेर व वर्गणी १,२००, मोटारसायकलची दुरुस्ती ६५०, मुलांचा खाऊ ४००, आणि शेजाऱ्यांना दिलेले ५००.

शेवटच्या रकमेपाशी थांबा. शेजाऱ्यांना दिलेले ५०० रुपये खर्च आहेत काय? ते उसने दिले असतील, तर ते ‘येणे’ आहे. खर्चाच्या बाजूला त्याची जागा नाही. मग खरा खर्च २२,१०० रुपये आणि खरी तूट १०० रुपये ठरते. ‘दिले’ हे एकच क्रियापद आपण विकत घेताना, उसने देताना, दान करताना आणि कर्ज फेडताना वापरतो. हे चारही व्यवहार वेगळे आहेत. वहीत नुसते ‘दिले’ लिहिल्यामुळे येणे बुडण्याचे प्रसंग कमी नाहीत.

आता उद्दिष्ट. या कुटुंबाला पुढील जूनमध्ये मुलांच्या शाळेसाठी ९,००० रुपये लागणार आहेत : शुल्क, गणवेश, दप्तर, वह्या-पुस्तके. मागच्या जूनमध्ये त्यांनी ही रक्कम व्याजाने घेतली होती. ‘यंदा जरा काटकसर करायची’ हे उद्दिष्टाचे वाक्य नव्हे. त्यात रक्कम नाही, मुदत नाही, ‘जरा’ला माप नाही आणि ‘करायची’ या रूपात करणारा कोण हे सांगितलेले नाही. ‘मे अखेरपर्यंत शाळेसाठी ९,००० रुपये आम्ही दोघे बाजूला टाकू’ हे उद्दिष्टाचे वाक्य आहे. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने. म्हणजे दरमहा १,१२५ रुपये.

ते कोठून येणार? चहा-नाश्ता १,१५० वरून ६०० वर आणता येईल असे पतीला वाटते, वाचले ५५०. आठवड्यातून दोन दिवस सहकाऱ्याच्या गाडीवरून गेल्यास पेट्रोलमध्ये ३०० वाचतील. एकूण ८५०. त्यांतील १०० तुटीला गेले, की उरले ७५०. उद्दिष्ट १,१२५ चे होते. येथे पुष्कळ जण किराणा किंवा औषधपाणी या खात्यांतून उरलेले ३७५ कागदावर कापून टाकतात. कागद ऐकतो, घर ऐकत नाही. दुसऱ्या महिन्यात वही बंद पडते. त्याऐवजी या दोघांनी दरमहा ७५० रुपये असे ठरवले. आठ महिन्यांचे ६,००० होतात. राहिलेले ३,००० दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या शिवणकामाच्या जादा मिळकतीतून वेगळे काढायचे. एवढी मिळकत त्यांना दर दिवाळीत होते, हे त्यांच्या जुन्या नोंदींवरून ठाऊक होते. बेरीज ९,०००.

येथे क्रमाचाही प्रश्न आहे. “महिनाअखेर उरले तर टाकू” आणि “आधी टाकू, उरेल त्यात भागवू” या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत; पण पहिल्यात बचतीला ‘तर’ची अट आहे, दुसऱ्यात खर्चाला. पगार झाल्याच्या दिवशी रक्कम बाजूला गेली पाहिजे. पोस्टातील आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. परंतु तिची मुदत पाच वर्षांची असल्याने आठ महिन्यांच्या उद्दिष्टाला ती सोयीची नाही. अशा उद्दिष्टासाठी बँकेची अल्पमुदतीची आवर्ती ठेव, बचत गट किंवा साधे वेगळे बचत खाते बरे. भिशीत आपली पाळी केव्हा येईल हे आधी पाहावे. जूनची गरज असताना ऑगस्टची पाळी काय कामाची?

दर महिन्याच्या शेवटी अंदाज आणि प्रत्यक्ष या दोन रकमा शेजारी शेजारी लिहून फरकापुढे कारण लिहावे, आणि ते पूर्ण वाक्यात लिहावे. ‘आहेर जास्त’ असे न लिहिता ‘मावसबहिणीचे लग्न ठरले हे सप्टेंबरमध्येच माहीत होते, पण धरले नव्हते’ असे लिहिले, तर पुढच्या अंदाजात सुधारणा होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

वरील कुटुंबाच्या उदाहरणात जानेवारीत पतीची औषधे सुरू झाली आणि औषधपाण्याचा खर्च ७०० वरून १,१०० वर गेला, असे समजा. उद्दिष्टाचे वाक्य नव्याने लिहा. रक्कम, मुदत आणि कर्ता यांपैकी काय बदलाल? का?

६.६ ‘हिशेब ठेवणे’ आणि ‘हिशेब मागणे’

‘हिशेब’ या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहा : ठेवणे, लिहिणे, लावणे, देणे, घेणे, मागणे, चुकता करणे. ठेवणे आणि लिहिणे यांत एक माणूस पुरतो. देणे, घेणे, मागणे यांत दोन माणसे लागतात आणि ती समान पातळीवर असतीलच असे नाही. अनेक घरांत वही बाई लिहिते आणि हिशेब पुरुष मागतो. अशा घरात वही नियोजनाचे साधन राहत नाही. ती उलटतपासणीचे साधन होते. मग त्या वहीत खोट्या नोंदी येऊ लागतात आणि त्या खोट्या नोंदींचा दोष लिहिणारीला देता येत नाही.

माझ्या आईच्या वहीत दर महिन्याला ‘देवाला’ या नावाने पाच रुपये असत. ती फारशी देवळात जात नसे. ते पैसे कशाचे, हे घरात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

म्हणून अंदाजपत्रक मांडताना घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीसाठी, मिळवती असो वा नसो, ‘स्वखर्च’ नावाचे एक लहान खाते ठेवावे. रक्कम ठरलेली असावी, शंभर असो की पाचशे. तिची एकच नोंद करावी आणि तिचा तपशील कोणी मागू नये. हे खाते ‘किरकोळ’सारखे दिसते, पण तसे नाही. किरकोळमध्ये नाव द्यायचे राहून गेलेले असते. स्वखर्चात नाव न देण्याचे सर्वांनी मिळून ठरवलेले असते.

६.७ स्वाध्याय

१) ‘कीर्द’ व ‘खतावणी’ यांतील फरक तुमच्या स्वतःच्या आठवड्याच्या नोंदींच्या आधारे सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा.

२) जमेस धरणे, खर्ची पडणे, हात आखडता घेणे, पोटाला चिमटा घेणे, अंथरूण पाहून पाय पसरणे : या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून प्रत्येकात पैसा कर्ता आहे, कर्म आहे की अध्याहृत आहे, ते लिहा.

३) ‘किरकोळ’ या खात्याविषयी लेखिकेने मांडलेले मत तुम्हाला मान्य आहे काय? सकारण लिहा. मतभेद असल्यास तो स्पष्टपणे मांडावा. त्यासाठी गुण कमी केले जाणार नाहीत.

क्षेत्रीय कार्य : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडे जुनी हिशेबाची वही असल्यास, त्यांची परवानगी घेऊन तिच्यातील एक महिना पाहा. खात्यांची नावे, मोजमापाचे शब्द आणि आज वापरात नसलेल्या वस्तूंची नावे यांची यादी करा. वही दाखवायला त्यांनी नकार दिला, तर आग्रह करू नका. त्यांनी नकार कोणत्या शब्दांत दिला तेवढे लिहून संपर्कसत्रास आणा.